पाणीपट्टीच्या तारणावर कर्ज: नेमकं काय गहाण पडतं?

प्रश्न एका नगरसेविकेचा आहे. त्यांच्या महापालिकेच्या सर्वसाधारण सभेपुढे नव्या पाणीयोजनेसाठी कर्जरोखे काढण्याचा विषय येणार आहे. विषयपत्रिकेवर एवढाच मजकूर: 'पाणीपुरवठ्याच्या उत्पन्नाच्या तारणावर १०० कोटी रुपयांचे रोखे उभारण्यास मान्यता देणे'. त्या विचारतात, पाणीपट्टी तारण ठेवली म्हणजे उद्या हप्ता थकला तर धनको येऊन पंप आणि टाक्या ताब्यात घेणार का? पाणी खासगी होणार का? आणि शेवटी हे पैसे फेडणार कोण? शेजारच्या छोट्या नगरपालिकांना असे रोखे काढता येतील का, हेही त्यांनी ओघात विचारलं आहे.

मी महापालिकेच्या लेखा विभागात उमेदीची वर्षं काढली आणि आता अशा प्रस्तावांची आकडेमोड तपासून देतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ताई, भीतीचं उत्तर आधी. पंप, टाक्या, जलशुद्धीकरण केंद्र, जलवाहिन्या यांतलं काहीही गहाण पडत नाही. रस्त्याखाली गाडलेली पाइपलाइन उकरून विकत घेणारा कोणी नसतो, आणि रोखे घेणाऱ्या विमा कंपनीला किंवा बँकेला तुमच्या टाकीच्या चाव्या नको असतात. तारण असते ती वसुली. नागरिक जे पैसे भरतात त्यावर पहिला हात कोणाचा, हे करारात ठरवून टाकलेलं असतं. मालकी महापालिकेचीच राहते. पण हा 'पहिला हात' प्रकरण साधं नाही, आणि सभागृहात सगळी चर्चा खासगीकरणाभोवती फिरते तेव्हा नेमका हाच भाग वाचायचा राहून जातो.

व्यवहारात ते असं चालतं. महापालिका बँकेत एस्क्रो खातं उघडते. ठरलेली वसुली, मग ती नागरी सुविधा केंद्रावरची रोख असो, धनादेश असो की ऑनलाइन भरणा, आधी त्या खात्यात जाते. त्या खात्यावर लेखाधिकाऱ्यांची सही चालत नाही, करारातला क्रम चालतो. बँक त्यातून दर महिन्याला पुढच्या व्याजाचा हिस्सा बाजूला काढते, मुद्दलासाठी कर्ज निवारण निधीत ठरलेली रक्कम टाकते, राखीव खात्यात काही कमी असेल तर ते भरते आणि मग उरलेले पैसे महापालिकेच्या नेहमीच्या खात्यात सोडते. व्याज सहा महिन्यांनी द्यायचं असलं तरी पैसे महिन्याच्या महिन्याला बाजूला का काढायचे? आपल्याकडची वसुली कशी येते ते तुम्हाला माहीतच आहे. एप्रिल ते जून सवलतीसाठी रांगा, मग पावसाळाभर शुकशुकाट, आणि मार्चमध्ये जप्तीच्या नोटिसा निघाल्या की पुन्हा गर्दी. ऑक्टोबरात व्याजाची तारीख आली आणि तेव्हा खात्यात पाहिलं तर काही नसतं. म्हणून पैसा येतो तेव्हाच अडवून ठेवायचा. या सगळ्यावर रोखेधारकांच्या वतीने एक ट्रस्टी लक्ष ठेवतो. हप्त्याच्या किती दिवस आधी खात्यात किती रक्कम हवी आणि नसेल तर कोणाला कळवायचं, हेसुद्धा करारात तारीखवार लिहिलेलं असतं.

ही पद्धत जिथे पूर्ण वाढलेली पाहायला मिळते त्या न्यूयॉर्कचं उदाहरण देतो, कारण आपल्या प्रस्तावांतली निम्मी भाषा अमेरिकेतल्या अशा रोख्यांवरून आली आहे. १९७५ साली न्यूयॉर्क शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर जाऊन परतलं होतं. शहराच्या नावावर कोणी स्वस्तात कर्ज देईना, आणि पाण्याची कामं तर थांबवता येत नव्हती. १९८४ साली राज्याने कायदा करून पाण्याचा पैसा शहराच्या तिजोरीपासून वेगळा काढला. तिथे आता तीन संस्था आहेत. एक प्राधिकरण फक्त रोखे काढतं. एक जलमंडळ शहराकडून सगळी यंत्रणा भाडेपट्ट्याने घेतं आणि पाण्याचे दर ठरवतं. शहराचं पर्यावरण खातं धरणं, बोगदे, नळ हे सगळं चालवतं. कर्ज काढणारा, दर ठरवणारा आणि पाणी सोडणारा असे तिघे वेगळे. नागरिकाने भरलेलं बिल जलमंडळाच्या खात्यात जातं आणि तिथून पहिला घास रोखेधारकांचा, मग देखभाल आणि पगार.

या व्यवस्थेचा गाभा मात्र खात्यांच्या क्रमात नाही, दराच्या वचनात आहे. जलमंडळाने लिहून दिलं आहे की दरवर्षी दर असे ठरवू की मुख्य रोख्यांच्या हप्त्याच्या ११५ टक्के रक्कम आणि वर चालवण्याचा संपूर्ण खर्च वसूल होईल. हप्ता १०० असेल तर ११५ ची तजवीज. ते वरचे १५ म्हणजे पाऊस चांगला होऊन वापर घटला, लोकांनी बिलं उशिरा भरली, वीज महागली, तर त्यासाठीची उसंत. दर परवडत नाहीत म्हणून ते एक वर्ष स्थिर ठेवू, असं आकडा जुळत नसताना म्हणण्याची मुभा जलमंडळाने स्वतःहून सोडून दिली आहे. तुमच्या सभागृहाने कर्जाला मान्यता देणं म्हणजे व्यवहारात हेच. आज हात वर करणारे सदस्य पुढच्या दोन सभागृहांचाही दर ठरवण्याचा अधिकार काही अंशी बांधून टाकतात. ते वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण ते समजून करायला हवं.

न्यूयॉर्कचंही सगळं निर्मळ आहे असं समजू नका. भाडेपट्ट्यात शहराला भाडं मागण्याची सोय आहे, हप्त्याच्या १५ टक्क्यांपर्यंत. म्हणजे भिंत बांधली, पण तिला एक दार ठेवलं. २०१७ च्या सुमाराला एका महापौरांनी हे भाडं घेणं सोडलं, नंतर ते पुन्हा सुरू झालं. भाडं घेतलं की तो पैसा बिलातूनच येतो आणि शहराच्या सर्वसाधारण खर्चात जातो. पाण्याच्या नावाने जमलेला पैसा पाण्यावरच खर्च व्हावा यासाठी केलेली व्यवस्थासुद्धा अशी झिरपते. आपल्याकडे तर बहुतेक ठिकाणी भिंतच नाही.

आता तुमच्या प्रस्तावाकडे येतो. तुमचे खरे आकडे माझ्यापुढे नाहीत, म्हणून मध्यम शहराचं एक काल्पनिक गणित मांडतो. तुमच्या लेखाधिकाऱ्यांकडून खरे आकडे घेऊन शेजारी लिहा. समजा पाणीपट्टीची चालू मागणी ३० कोटी आहे. वसुली चालू मागणीपैकी १९ कोटी आणि जुन्या थकबाकीतले ३ कोटी, एकूण २२ कोटी. खर्च पाहा: जलसंपदा विभागाला कच्च्या पाण्याचे २ कोटी, उपशाचं वीजबिल १२ कोटी, कर्मचाऱ्यांचे पगार ६ कोटी, तुरटी आणि क्लोरीन १ कोटी, दुरुस्त्या ३ कोटी. एकूण २४. म्हणजे कर्ज काढण्याआधीच पाणीपुरवठा दोन कोटींनी तोट्यात. वरचे दोन कोटी घरपट्टीतून येतात, पण ते कुठेही तसं लिहिलेलं नसतं.

यावर १०० कोटींचं कर्ज, ८ टक्के व्याज, १० वर्षांची समान हप्त्यांत परतफेड धरली तर वर्षाला साधारण १४ कोटी ९० लाख द्यावे लागतात. पतमानांकन करणारी संस्था आणि रोखे घेणारे म्हणतात, आम्हाला हप्त्याच्या सव्वापट शिल्लक दाखवा. बँकवाले याला डीएससीआर म्हणतात, हा शब्द सभेत तुमच्या कानावर पडेलच. सव्वापट म्हणजे १८ कोटी ६० लाख. तुमची शिल्लक तर उणे दोन. म्हणजे वसुली २२ वरून ४२ कोटी ६० लाखांवर न्यावी लागेल. चालू मागणीच्या ९० टक्के वसुली झाली आणि थकबाकीतले ३ कोटी येत राहिले तरी एकूण ३० कोटी होतात, मजल अर्ध्यावरही जात नाही. केंद्र सरकारने २००८ मध्ये पाणीपुरवठ्याचे जे मापदंड ठरवले त्यांत वसुलीचं उद्दिष्ट ९० टक्के, खर्चाची भरपाई १०० टक्के आणि हिशेबात न येणारं पाणी २० टक्क्यांच्या आत, असं लिहिलं आहे. हे तिन्ही आकडे एकत्र गाठलेलं शहर आपल्याकडे दाखवणं अवघड आहे.

त्यामुळे विषयपत्रिकेवर 'पाणीपुरवठ्याच्या उत्पन्नाच्या तारणावर' लिहिलेलं असलं, तरी प्रस्तावाची जोडपत्रं उघडून एस्क्रो खात्यात नेमकी कोणती वसुली वळवणार ते पाहा. माझा अंदाज आहे की तिथे मालमत्ता कर, म्हणजे घरपट्टी, असेल. पुण्याचं उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे. जून २०१७ मध्ये पुणे महापालिकेने समान पाणीपुरवठा म्हणजेच २४ तास पाणी योजनेसाठी २०० कोटींचे रोखे काढले. मुदत १० वर्षं, व्याज ७.५९ टक्के, मुंबई शेअर बाजारात नोंदणी. पतमानांकन 'एए प्लस' मिळालं. योजना पाण्याची, पण परतफेडीसाठी एस्क्रोत वळवला तो मिळकत कर, म्हणजे मालमत्ता करच. गुंतवणूकदारांनी विश्वास ठेवला तो पुण्यातल्या लाखो मिळकतींवर आणि आयटी कंपन्यांच्या कराच्या बिलांवर, नळाच्या मीटरवर नव्हे. निवासी पाणीपट्टी तर तिथे वर्षानुवर्षं मिळकत कराच्या बिलातच आकारली जात होती. मीटर बसवणं हाच त्या योजनेचा भाग होता, म्हणजे ज्या मीटरच्या जोरावर पाण्याचं उत्पन्न मोजता आलं असतं ते मीटर कर्ज काढताना बसलेलेच नव्हते.

पुण्याने एक गोष्ट मात्र नीट क्रमाने केली. रोख्यांच्या आधी, २०१६ मध्ये, पाणीपट्टी दरवर्षी किती वाढवायची याचा अनेक वर्षांचा ठराव करून ठेवला. गुंतवणूकदार सगळ्यात आधी तो ठराव पाहतात. आणि एक गोष्ट क्रमात चुकली. योजनेच्या पहिल्या निविदा रोखे काढले त्याच वर्षी रद्द करून पुन्हा काढाव्या लागल्या. २०० कोटींवर ७.५९ टक्क्यांनी वर्षाचं व्याज १५ कोटींच्या वर होतं. काम सुरू झालं की नाही हे व्याज विचारत नाही. रोख्यांसाठी केंद्राकडून दर १०० कोटींमागे १३ कोटी प्रोत्साहन मिळत होतं, पुण्याला २६ कोटी मिळाले, त्यामुळे तो भार काही प्रमाणात हलका झाला. पण प्रोत्साहन मिळतं म्हणून घाईने रोखे काढायचे आणि मग निविदेची वाट पाहत पैसा बँकेत ठेवायचा, हा मोह टाळा. ठरावातच अट घाला की कामाची निविदा मंजूर झाल्याशिवाय रोख्यांचा पैसा उचलायचा नाही.

मालमत्ता कर तारण ठेवण्यात गैर काय, असं तुम्ही विचाराल. गैर काही नाही, पण परिणाम वेगळा आहे. पाणीपट्टी तारण असेल तर पाणी वापरणारा फेडतो. मालमत्ता कर तारण असेल तर ज्या वस्तीत अजून नळ पोचलेला नाही तिथला घरमालकही फेडतो. शिवाय एस्क्रोतून पहिला घास कर्जाचा. वसुली घटली तरी रोखेधारकाला वेळेवर पैसे मिळतील, कारण ते आधीच बाजूला काढलेले असतात. मग कमी कुठे पडेल? सफाई कामगारांच्या पगारात, रस्त्यावरच्या दिव्यांत, दवाखान्याच्या औषधांत, आणि हो, जलशुद्धीकरण केंद्रातल्या क्लोरीनमध्ये. खरा धोका हा आहे. हप्ता थकून नळ बंद होण्याची शक्यता फार कमी. हप्ता वेळेवर जात राहतो आणि बाकी सगळं हळूहळू उपाशी राहतं, ही शक्यता जास्त. आणि ती वर्तमानपत्रात मथळा होऊन येत नाही.

आपल्याकडच्या महापालिका रोख्यांचा थोडा इतिहासही ध्यानात ठेवा. १९९८ मध्ये अहमदाबादने राज्य सरकारच्या हमीशिवाय १०० कोटींचे रोखे काढले, देशात पहिल्यांदाच. पाणी आणि मलनिस्सारणाच्या कामांसाठी, व्याज १४ टक्के. तारण होतं शहराच्या दहा जकात नाक्यांची वसुली. त्याआधी चार वर्षं तिथल्या प्रशासनाने जकातीची गळती बंद करून तोट्यातली महापालिका शिलकीत आणली होती. आधी वसुली सुधारली, मग रोखे काढले. नंतर नाशिक महापालिकेने १९९९ मध्ये १०० कोटींचे आणि नागपूरने २००१ मध्ये ५० कोटींचे रोखे काढले, दोन्ही पाण्याशी निगडित कामांसाठी. त्या काळी जकात म्हणजे रोजची रोख रक्कम. ट्रक नाक्यावर थांबला की पैसे जमा. धनकोला याहून सोयीचं तारण कोणतं? पण मग आपल्याकडे जकात गेली, स्थानिक संस्था कर आला, २०१५ मध्ये तोही बहुतेक व्यापाऱ्यांना माफ झाला, आणि १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला. महापालिकेच्या हातातला सगळ्यात तगडा पैसा राज्याच्या भरपाई अनुदानात बदलला. अनुदान तारण ठेवणं म्हणजे दुसऱ्याच्या मर्जीवर कर्ज घेणं. त्यामुळे आता स्वतःचं म्हणावं असं उत्पन्न दोनच: मालमत्ता कर आणि पाणीपट्टी. मालमत्ता कराचा दर वाढवणं राजकीयदृष्ट्या किती जड जातं हे मी तुम्हाला सांगायला नको. उरली पाणीपट्टी, आणि तिचा हिशेबच वेगळा ठेवलेला नाही.

याला सन्माननीय अपवाद मुंबईचा. १९७३ मध्ये मुंबईच्या पाणी आणि मलनिस्सारण प्रकल्पासाठी जागतिक बँकेकडून कर्ज मिळालं, आणि त्या काळात पाणीपुरवठ्याचा हिशेब सर्वसाधारण अर्थसंकल्पातून बाहेर काढला गेला. मुंबईच्या अर्थसंकल्पात 'जी' नावाचा वेगळा भाग दिसतो तो हाच. पाण्याचा पैसा आत किती आला, बाहेर किती गेला, कर्जाचा हप्ता किती, सगळं त्यात. भातसासारख्या दूरच्या धरणांतून पाणी आणण्याचा खर्च मुंबईने पेलला त्यामागे ही शिस्त आहे. २०१२ मध्ये तिथल्या सभागृहाने प्रशासनाला खर्चवाढ पाहून पाणीपट्टी वर्षाला ८ टक्क्यांपर्यंत वाढवण्याचा अधिकार देऊन ठेवला. पुढे काही वर्षं ही वाढ रोखली गेली, हेही खरं. पण निदान रोखली म्हणजे किती कोटींचा खड्डा पडला, ते 'जी' अर्थसंकल्पात दिसतं. तुमच्याकडे दिसणार नाही.

आता बिघडतं तेव्हा किती बिघडतं ते सांगतो, कारण सल्लागार कंपनीच्या सादरीकरणात हे पान नसतं. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात जेफरसन नावाचा परगणा आहे, बर्मिंगहॅम शहर त्यातच. १९९६ मध्ये न्यायालयीन तडजोडीनुसार त्यांना नदीत सांडपाणी सोडणं थांबवून सगळी मलवाहिनी व्यवस्था सुधारावी लागली. कर्ज काढलं, मलनिस्सारणाच्या बिलांच्या तारणावर. तोवर ठीक होतं. २००२-०३ मध्ये कोणीतरी पटवलं की स्थिर व्याजाचे रोखे बदलून बदलत्या व्याजाचे घ्या आणि जोडीला बँकेशी व्याज अदलाबदलीचे करार करा, म्हणजे तुम्ही बँकेला स्थिर व्याज द्या आणि बँक तुम्हाला बदलतं व्याज देईल, हप्ता कमी होईल. हप्ता झालाही कमी, पाच वर्षं. २००८ च्या मंदीत रोख्यांचा विमा उतरवणाऱ्या कंपन्यांचीच पत घसरली, व्याज भडकलं आणि अदलाबदलीचे करार उलटे फिरले. मलनिस्सारणाचं कर्ज ३ अब्ज डॉलरच्या वर गेलं होतं. नागरिकांची बिलं आधीच कित्येक पटींनी वाढली होती आणि आणखी वाढवायला जागा नव्हती. नोव्हेंबर २०११ मध्ये परगण्याने दिवाळखोरीचा अर्ज केला. व्यवहार मिळवून देण्यासाठी लाच घेतल्याबद्दल परगण्याच्या एका माजी अध्यक्षांना तुरुंगवास झाला. ज्या बँकेने ते करार विकले होते, त्या जेपी मॉर्गनने २००९ मध्ये नियामकाशी तडजोड करताना ७५ दशलक्ष डॉलर भरले आणि करार मोडण्यापोटी मागितलेले ६४७ दशलक्ष डॉलर सोडून दिले.

तिथे योजना चुकीची नव्हती. मलवाहिन्या खरोखरच खराब होत्या. घात झाला तो हप्ता कमी दिसावा म्हणून पत्करलेल्या जोखमीने. तुमच्यापुढे जर बदलत्या व्याजाचा, परकीय चलनाचा किंवा पहिली काही वर्षं मुद्दल न देण्याचा पर्याय ठेवला, तर शेवटच्या वर्षाचा हप्ता किती हे आधी विचारा.

हप्ता खरोखर कमी करण्याचा सरळ मार्ग मुदत वाढवण्याचा आहे. वरच्याच गणितात १०० कोटींची मुदत १० ऐवजी २० वर्षं केली तर वर्षाचा हप्ता १४.९ वरून १०.२ कोटींवर येतो, ३० वर्षं केली तर ८.९ कोटींवर. न्यूयॉर्कचं प्राधिकरण तीस-तीस वर्षांचे रोखे विकू शकतं. चांगली टाकलेली जलवाहिनी चाळीस-पन्नास वर्षं टिकते, मग तिचे पैसे आजच्या पिढीने दहाच वर्षांत का फेडावेत? पण आपल्याकडे महापालिकांच्या रोख्यांना दहा वर्षांपलीकडे गिऱ्हाईक फारसं मिळत नाही. ही उणीव तुमच्या सभागृहाच्या हातातली नाही, तरी प्रस्ताव वाचताना ती लक्षात ठेवा. दहा वर्षांच्या कर्जावर पन्नास वर्षांची पूर्ण योजना उभारायला जाऊ नका. अनुदानातून जेवढं होईल तेवढं करा आणि कर्ज फक्त त्या कामांसाठी ठेवा ज्यांतून पैसा लवकर परत येतो.

अशी कामं असतात. इंदूरने फेब्रुवारी २०२३ मध्ये २४४ कोटींचे हरित रोखे, म्हणजे पर्यावरणपूरक कामांसाठीचे रोखे, काढले, थेट सामान्य गुंतवणूकदारांसाठीही खुले, व्याज ८.२५ टक्के. इंदूरचं पाणी नर्मदेवरच्या जलूद इथून येतं आणि ते माळव्याच्या पठारावर चढवायला दर महिन्याला कोट्यवधींची वीज लागते. रोख्यांचा पैसा ६० मेगावॅटच्या सौर प्रकल्पासाठी. म्हणजे हप्ता वीजबिलाच्या बचतीतून भागवायचा, नागरिकाचं बिल न वाढवता. गाझियाबादने २०२१ मध्ये १५० कोटींचे रोखे काढले, ते सांडपाणी पुन्हा शुद्ध करून कारखान्यांना विकण्यासाठी. तिथे पैसे देणारं गिऱ्हाईक आधीच ठरलेलं. तुमच्या प्रस्तावातली सगळ्यात लवकर पैसे परत देणारी कामं माझ्या मते जुने पंप बदलणं, मुख्य वाहिनीची गळती काढणं, आणि व्यापारी व औद्योगिक जोडण्यांना मीटर ही आहेत. आपल्या शहरांत तीस ते पन्नास टक्के पाणी बिलाविना जातं. ते थोडं जरी हिशेबात आलं तर नवं धरण न बांधता उत्पन्न वाढतं.

तुमच्या शेजारच्या छोट्या नगरपालिकांचाही प्रश्न तुम्ही ओघात विचारला आहे. त्यांना एकट्याने रोखे काढणं परवडत नाही. पतमानांकन, ट्रस्टी, वकील यांचा खर्चच कर्जाच्या मानाने जास्त होतो. तामिळनाडूने २००२ मध्ये डझनभर लहान गावांची पाणी आणि मलनिस्सारणाची कर्जं एकत्र बांधून ३० कोटींचे रोखे १५ वर्षांसाठी काढले. प्रत्येक गावाचं एस्क्रो, वर राखीव निधी, आणि मुद्दलाच्या निम्म्या रकमेला अमेरिकी मदतसंस्थेची हमी. महाराष्ट्रात हे राज्याने पुढाकार घेतल्याशिवाय होणार नाही.

एक विषय असा आहे ज्यावर मी हिशेबनीस म्हणून गप्प बसणार नाही. वसुली तारण ठेवली की थकबाकीदाराची नळजोडणी तोडण्याचा दबाव वाढतो. डेट्रॉइट शहर २०१३ मध्ये दिवाळखोरीत गेलं आणि पुढच्याच वर्षी तिथल्या पाणी खात्याने हजारो घरांचं पाणी तोडलं. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी उघड नापसंती नोंदवली. घरात तान्हं मूल असताना नळ कोरडा, असं श्रीमंत देशात घडलं. आपल्याकडे हे होऊ नये म्हणून उपाय दरपत्रकातच करावा लागतो. कुटुंबाच्या मूलभूत गरजेपुरत्या पाण्याचा दर अगदी कमी, त्यापुढे टप्प्याटप्प्याने चढा. कराडजवळच्या मलकापूरने २४ तास पाणी योजना मीटर लावून चालवताना हेच टप्प्यांचं दरपत्रक वापरलं, आणि ती नगरपंचायत होती, महापालिका नव्हे. गरीब वस्तीला दिलेली सवलत मात्र पाणी खात्याच्या माथी मारू नका. ती किती कोटींची आहे ते काढा आणि सर्वसाधारण निधीतून पाणी खात्याला दरवर्षी तेवढी रक्कम वर्ग करण्याचा ठराव करा. नाहीतर एस्क्रोतला आकडा जुळवण्यासाठी पहिली कुऱ्हाड त्याच वस्तीवर पडेल. आणि थकबाकीची यादी मागवा. ती वाचली की कळेल, मोठी थकबाकी झोपडपट्टीत नसते. सरकारी वसाहती, संस्था, मोठे व्यापारी गाळे, वादात अडकलेल्या मिळकती, तिथे असते.

सभेला जाण्याआधी काय मागायचं ते आता सांगतो. गेल्या तीन वर्षांचा पाणीपुरवठ्याचा स्वतंत्र जमाखर्च, वीजबिल आणि पगारासकट. तो नसेल तर विषय पुढे ढकलायला सांगा, कारण ज्या उत्पन्नाचा हिशेब नाही ते तारण ठेवता येत नाही. एस्क्रो कराराचा मसुदा, त्यात कोणती वसुली वळवणार आणि कमी पडलं तर दुसरी कोणती ओढणार ते. वर्षनिहाय हप्त्यांचा तक्ता आणि त्याशेजारी गृहीत धरलेली दरवाढ. हा तक्ता बहुतेक वेळा शेवटच्या जोडपत्रात बारीक अक्षरात असतो. दरवाढीचा विषय वेगळा आणि पुढच्या सभेत येणार असं सांगितलं, तर दोन्ही विषय एकाच दिवशी घ्या असा आग्रह धरा. रोखेबाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीच्या २०१५ च्या नियमांनुसार सलग तीन वर्षांची वित्तीय स्थिती आणि मागचं कुठलं कर्ज थकलेलं नाही हे दाखवावं लागतं, तेव्हा लेखापरीक्षण झालेली पत्रकं प्रशासनाकडे असणारच. राज्य शासनाची मंजुरी लागते, ती आली आहे की गृहीत धरली आहे तेही विचारा.

आणि ठरावात एक उपसूचना घाला: एस्क्रो खात्यात किती जमा झालं, हप्त्यापोटी किती गेलं आणि त्यानंतर पाणी खात्याला किती उरलं, हा ट्रस्टीला जाणारा अहवाल दर तीन महिन्यांनी सर्वसाधारण सभेपुढेही ठेवावा. प्रशासनाला त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. तो कागद तयार होतोच, फक्त आज तो तुमच्यापर्यंत पोचत नाही.